टाइल पुसू नका

दुपारची निजानीज झाली होती. अश्वजितचा नुकताच डोळा लागला होता आणि मी शिलाई मशीन बंद ठेवून त्याच्या उशाशी शिलाईच्या हिशोबाची वही उघडली होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. चीं... चीं... ओलं फडकं गुळगुळीत कशावर तरी घासल्यासारखा.

मी वही टाकून अंगणात धावले. सासूबाई कुंपणाच्या भिंतीपाशी उभ्या, एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पांढरी टाइल.

"मामी! पुसू नका म्हटलं होतं न!"

"मंग? तशीच राहू देऊ?" त्यांनी टाइल उन्हात तिरपी धरून पाहिली. "येणारा-जाणारा पाहून राह्यला. म्हणन, शकुबाईच्या सुनेले फडकंबी मारता येत नाई."

आठवडाभराची धूळ त्यांच्या फडक्यात गेली होती. फडकं काळंकुट्ट. त्या फडक्याचाच फोटो पाठवावा असं मला वाटलं.

आमचं गाव भद्रावती तालुक्यात, कोळशाचे टिपर जातात त्या रस्त्याला लागून. नागपूरच्या काही संशोधकांनी अशा बारा गावांतल्या लोकांना हाताशी धरलं होतं. काम सोपं होतं. घराबाहेर उघड्यावर एक पांढरी टाइल ठेवायची, आठवडाभर तिला हात लावायचा नाही, मग मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा. राज्यभरातले अनोळखी लोक तो फोटो बघणार आणि राखाडी रंगाच्या पाच छटांपैकी जुळेल ती निवडणार. एकाचा डोळा चुकतो, पण शेकडो डोळ्यांची सरासरी सहसा चुकत नाही, असं करिष्मा म्हणाली. करिष्मा म्हणजे तिथली संशोधक मुलगी, फोनवर मला ताई म्हणते. ज्या गावाची छटा सगळ्यात गडद, त्या गावच्या शाळेवर वर्षभर हवा मोजायचं यंत्र बसणार होतं. यंत्र एकच होतं.

आणि मला ते हवं होतं. अश्वजित सहा वर्षांचा आहे. थंडी पडली की त्याचा खोकला सुरू होतो आणि झोपेत छातीत बारीक शिट्टी वाजत राहते. मी कान लावून ती ऐकते. थांबली तरी भीती, वाजली तरी भीती. डॉक्टर बदलले, प्रश्न तेच. घरात उदबत्ती लावता का? चूल आहे का? गोधड्या उन्हात टाकता का? टाकते हो. रोज टाकते. वाळलेली गोधडी झटकली की काय उडतं, ते मात्र कोणी विचारत नाही. एकदा तरी कोणी मोजून सांगावं की बाई, दोष तुझ्या घरात नाही. एवढंच मागणं होतं.

अश्वजितचे बाबा, राजदीप, फरशी-टाइल्स बसवणारे मिस्त्री. बांधकामावर उरलेल्या टाइल्स त्यांनी पोत्यात भरून आणल्या आणि आम्ही दोघांनी घरोघर वाटल्या. प्रत्येक दारात मी एकच वाक्य बोलले: पुसू नका.

मामींनी पुसलेल्या टाइलचा फोटो मी पाठवलाच नाही. बाकीच्यांनी पाठवले. पंधरवड्यात निकाल आला. बारा गावांत आमचं गाव सगळ्यात स्वच्छ!

सरपंच गुणवंतरावांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांचे गुच्छ टाकले, हात जोडलेले टाकले, 'आपल्या गावाचा अभिमान' असं लिहिलेला स्वतःचा फोटोही टाकला. मी पिठाची गिरणी ओलांडत होते तर त्यांनी गाडी थांबवली.

"नंदिनीताई, गावाचा पयला नंबर आला अन् तुम्ही तोंड पाडून काऊन फिरून राह्यल्या?"

"भाऊ, हा नंबर खालून मोजायचा होता."

"आता नंबरबी खालून मोजता काय? लयच शिकल्या तुम्ही," ते हसले आणि गाडी धूळ उडवत गेली.

तिथून मी वच्छलाबाईंकडे गेले. शेजारच्या गल्लीत राहतात, अश्वजितवर त्यांचा फार जीव. त्याला खोकला लागला की ओवा भाजून, पुरचुंडी बांधून आणतात.

"बाई, तुम्ही टाइल पुसली होती का?"

"पुसली?" त्या दुखावल्या. "साबण लावून धुतली! फोटो पुण्या-मुंबईले जाणार म्हटलं न तू? मंग घाणेरडी पाठवू का? सोयऱ्याच्या घरी फाटकं लुगडं नेसून जाते का कोणी?"

या बायांनी जन्मभर त्या धुळीशी भांडण केलं. सकाळ-संध्याकाळ झाडलं, पुसलं, भांडी उपडी ठेवली, पाण्यावर कापड बांधलं. आणि मी त्यांना सांगत होते, आठवडाभर हात बांधून बसा. शिवाय त्याचा फोटो काढून जगाला दाखवा.

करिष्माला फोन केला तेव्हा माझाच आवाज चढला होता. ती शांतपणे म्हणाली, "ताई, आजूबाजूची सगळी गावं गडद आणि मधलं तुमचंच पांढरं, तेव्हा आम्हालाही शंका आली होती. एक आठवडा अजून देते. पण यानंतर नाही हं."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी बायांना थांबवून घेतलं. अश्वजित माझ्या मांडीवर.

"ही तुमच्या घराची परीक्षा नाही," मी म्हटलं. "हवेची आहे. टाइल जितकी काळी, तितकं यंत्र इथी येण्याची आशा जास्त. धूळ लपवली तर कोणाले समजणार?"

"म्हणजे घाण करणाराले बक्षीस?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

"हसू नका वं," वच्छलाबाई उठल्या. "पोट्टं रात्रभर खोकलते. तिच्या जिवाले काय होत असन? कोणीबी फडकं लावाचं नाई. कोणी लावलं त मी हाये!"

हात जोडावेसे वाटले मला.

तो आठवडा मी शिवण बाजूला ठेवून गल्लोगल्ली फिरले. सगळ्या टाइल्स जागच्या जागी. मामीसुद्धा भिंतीपाशी यायच्या, फडक्याकडे बघायच्या आणि चरफडत आत जायच्या. आमच्या टाइलवर बोटाने नाव लिहिता आलं असतं, इतकी धूळ बसली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी फोटो पाठवले. मी खीर केली.

चार दिवसांनी करिष्माचा फोन.

"ताई, बऱ्याच टाइल्सवर बोटांचे ठसे आहेत. कडेला फराटे. बघणाऱ्यांनी छटा निवडली नाही, सरळ लिहिलं, 'हे लावलेलं दिसतंय.' एकाने नाही, खूप जणांनी."

शेकडो अनोळखी डोळ्यांनी आम्हाला बरोबर पकडलं होतं. सरासरी चुकत नाही म्हणतात, ते खरं निघालं.

वच्छलाबाई दारात तूर निवडत होत्या. मला पाहून आधी हसल्या, मग हसू गेलं.

"फोटो काढाच्या आधी थोडा चुलीतला कोळसा कुटून लावला," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत सगळ्याईच्या टाइलीले मीच लावला. तूच म्हटलं न, जितकी काळी तितकं चांगलं."

"अहो बाई, लावायचं नव्हतं!"

"मले काय माहीत! मागच्या बारी मी धुतलं, त्यानं तुह्या पोराचं नुकसान झालं. या बारी भरून काढाव म्हटलं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "अन् खरी धूळ त होतीच न व, त्याच्या खाली."

भांडायला गेले होते. त्यांच्यासमोर बसून तूर निवडू लागले.

आमच्या गावाचे सगळेच फोटो बाद झाले, चांगलेसुद्धा, कारण कोणते चांगले हे आता कोण ठरवणार? संध्याकाळी करिष्माचा संदेश आला. यंत्र नाल्यापलीकडच्या गावाला जाणार. मी तो राजदीपना वाचून दाखवला. ते हात धूत होते. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणाले, आणि पुढच्या वर्षी असं काही असेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अश्वजित पोळीचा घास हातात धरून आमचं बोलणं ऐकत होता. खोकला आला, तो त्याने शहाण्यासारखा हातावर घेतला, पाणी प्यायला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"आई, त्या गावातले पोट्टे माह्याहून जास्त खोकलतात का?"