आधी कोकण, मग दिल्ली

“शुभदाताई, आज कोकण आधी वाचू?”

दिल्लीच्या रेडिओ केंद्रात संध्याकाळच्या मराठी बातम्यांचे कागद लावता लावता शुभदाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “काय यार कुमुदिनी! हवामान उत्तरेकडून खाली येतं. आधी दिल्ली, शेवटी कोकण. मी लागले तेव्हापासून असंच चाललंय.”

“फक्त आजच.”

“कोकण काय पळून जातंय? आणि आता घरोघरी केबल आलंय. रेडिओवरचं हवामान ऐकतं कोण, सांग बरं?”

ऐकणारं एक माणूस कुमुदिनीला माहीत होतं. खाडीकाठच्या घरात एकटं, ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसणारं. तिचे वडील, अण्णा.

मागे गावातल्या वाण्याच्या फोनवर ते म्हणाले होते, “दिल्लीचा आकडा कळला की मी बंद करतो हो. उगाच सेल उतरतात. आकड्यावरून समजतं, आमच्या धवलला घामोळं आलं असेल की नाही.”

“आणि कोकणाचं नाही ऐकत?”

“ते कशाला ऐकू? खिडकी उघडली की कोकण!”

तेव्हा ती पोट धरून हसली होती.

आज हसू येत नव्हतं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये सकाळपासून कूलर नुसता गरम वारा फेकत होता. रांगायला लागलेल्या लेकाला, धवलला बादलीभर पाण्यात बसवून, नवऱ्याच्या, विलासच्या हवाली करून ती निघाली होती. आणि इथं हातातल्या हवामानाच्या पानांवर दिल्लीचा पारा चव्वेचाळीसवर, तर कोकणात अतिवृष्टी. रात्रीच्या भरतीला खाडीकाठी पाणी शिरण्याचा धोका, लोकांनी उंच जागी जावं.

येताना एसटीडी बूथवरून तिनं वाण्याचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवला. लाइन मेलेली. शेजारी बोलवायला गेले तरी अण्णा उंबरा सोडणार नव्हते. आई गेल्यापासून त्यांनी एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. ऐकलं तर लेकीचंच ऐकतील. पण लेक कोकणापर्यंत पोचायच्या आत रेडिओ बंद!

हे सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. शुभदाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

“वाच. कुणी विचारलंच तर मी म्हणेन, पानं उलटी लागली.”

स्टुडिओत लाल दिवा लागला. बातम्या संपल्या. “आता हवामान,” ती म्हणाली, आणि कोकण वाचू लागली. पदरचा एकही शब्द घातला नाही. फक्त धवलला घास भरवताना थांबते तशी थांबत थांबत, एकेक शब्द गिळला गेलाय ना हे बघत वाचलं. दिल्ली अगदी शेवटी, दिवा विझता विझता.

वाण्याचा फोन लागायला आठवडा गेला.

“लबाड आहेस,” अण्णा म्हणाले. “दिल्ली येईना, म्हणून ऐकत बसलो.”

“मग गेलात ना वर?”

“तू वाचलंस म्हटल्यावर काय करणार! वर शाळेत गेलो. घरात कमरेइतकं पाणी होतं म्हणे. तुझ्या आईचा फोटो मोठा आहे, दोन्ही हात त्यालाच लागले. ट्रान्झिस्टर राहिला.”

“दुसरा पाठवते.”

“पाठव. पण तोवर मला कळायचं कसं गो, धवलला किती उकडतंय ते?”

दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा आधी दिल्लीच होती. “कमाल तापमान त्रेचाळीस अंश,” तिनं वाचलं आणि ती थांबली. अण्णा रेडिओचं बटण बंद करायचे, तेवढ्यापुरती. काचेपलीकडे शुभदाताईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण पुढे वाच अशी खूण काही केली नाही.

मग कुमुदिनीनं पान उलटलं.