एक जूनची मुलं

मुश्ताकने सतरा नंबरच्या पुढे लाल पेनाने फुली मारली आणि मग शिट्टी दातांत धरून तो खेळ नीट पाहू लागला. फुली आधी आणि खेळ मागाहून, असं त्या सकाळी एकाच पोराच्या बाबतीत झालं.

गांधारी नदीकाठच्या मैदानावर बत्तीस पोरं धावत होती. महाडच्या क्लबला चौदा वर्षांखालचा फुटबॉलचा संघ मुंबईच्या स्पर्धेला पाठवायचा होता, आणि पोरं निवडायची जबाबदारी मुश्ताकवर होती. नऊ वर्षं कुवेतमध्ये कंपनीच्या संघातून खेळलेला दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. सतरा नंबर म्हणजे निषाद, पोलादपूरच्या रघुवीर गुरुजींचा नातू. पोरगं वाईट खेळत असतं तर काम सोपं झालं असतं. पण चेंडू पायाशी येताच त्याची मान वर जाई, आणि समोरचा अंगावर येईपर्यंत चेंडू भलत्याच पोराकडे पोचलेला असे. हे शिकवून येत नाही. मुश्ताकला ते कळत होतं आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

तरीही फुली पक्की होती. शाळेच्या दाखल्यावर निषादची जन्मतारीख होती १ जून १९८८. संघासाठी १९८९ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. सात महिन्यांनी पोरगं बाद. दोन दिवसांपूर्वी तो दाखला हातात आला तेव्हा मुश्ताकला जे सुख झालं, ते कुवेतहून परत आल्यावर स्वतःचं घर बांधलं तेव्हाही झालं नव्हतं.

पोलादपूर तालुक्यातली निम्मी माणसं कागदावर एक जूनला जन्मलेली आहेत. शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा वर्षं पुरी लागतात, आणि आयांना तारखा कुठल्या आठवायला? कुणी म्हणे लावणीच्या दिवसांत झाला, कुणी म्हणे शिमग्याच्या आधी. गुरुजी मग एक जून लिहून मोकळे होत. मुश्ताकही एक जूनचाच, रघुवीर गुरुजींच्याच हातचा. १९८३ साली तो जिल्ह्याच्या संघात निवडला गेला, उसने बूट घेऊन अलिबागला पोचला, आणि दाखला बघून त्याला तीन महिन्यांनी मोठा ठरवून परत पाठवलं. खरं तर तो पुढच्या थंडीतला. एसटीतून उतरला तो थेट गुरुजींच्या दारात गेला. तारीख चुकली आहे असं पत्र द्या म्हणून रडला. गुरुजी उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले,

"लिहिलं ते लिहिलं. आता त्याला हात लावता येणार नाही."

त्या दिवशी मुश्ताकने डूख धरला तो आज वीस वर्षं.

खेळ संपला. पोरं सावलीला बसली आणि मैदानाच्या कडेने गुरुजी आले. पाठीत वाकलेले, काखेत कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"मुश्ताक, याची खरी तारीख एकोणीस फेब्रुवारी एकोणनव्वद. इथल्याच दवाखान्यातला जन्म. हा नगरपालिकेचा दाखला."

"आणि शाळेत एक जून कुणी लिहिलं?"

"मीच. सुनेची नोकरी होती, पोराला घरी बघायला कुणी नव्हतं. वर्षभर आधी घातला शाळेत."

मुश्ताकने कागद हातातही घेतला नाही. इतकी आयती संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते, आणि ती घाईघाईने उरकायची नसते. त्याने आधी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, मग सोडवली.

"लिहिलं ते लिहिलं, गुरुजी," तो म्हणाला. "आता त्याला हात लावता येणार नाही."

गुरुजींना वाक्य ओळखू आलं. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण मुश्ताकच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"चार वाजता क्लबची कमिटी बसते ना? मी तिथं येतो," एवढंच ते म्हणाले.

मुश्ताकला हे पुरे वाटायला हवं होतं. पण एवढी वर्षं पोसलेल्या रागाचं पोट एका वाक्याने भरत नाही. कमिटीत म्हाताऱ्याने रडगाणं गायलं आणि चार माणसं पाघळली तर? त्यांच्यासमोर ठेवायला काहीतरी हवं होतं. याच माणसाने मनाला येईल ती तारीख लिहून एका पोराचं आयुष्य कसं फिरवलं, हे कागदावर दाखवायला हवं होतं. त्याने मोटारसायकलला किक मारली आणि तडक पोलादपूर गाठलं.

शाळेतला जुना शिपाई हैबती अजून होता. त्याने कपाटातून १९७५ सालच्या प्रवेश-अर्जांचा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि मुश्ताकचा अर्ज अचूक शोधून दिला. अक्षर गुरुजींचंच, टपोरं. जन्मतारखेच्या जागी आधी लिहिलं होतं: 'नक्की माहीत नाही. सन १९७०, थंडीत, असे आई सांगते. वय अपुरे. प्रवेश देता येत नाही.' त्यावर एक सरळ रेघ मारलेली. खाली निराळ्या शाईत: '१ जून १९६९. आईच्या आग्रहावरून.' आणि त्याखाली एक निळा अंगठा.

"तुज्या आयचा, हफिजाबायचा ना ह्यो?" हैबती मान वाकडी करून म्हणाला. "मला याद हाय. तीन दिस येत व्हती. मास्तर नाय म्हनला की पायरीवर बसून र्‍हायची."

मुश्ताकने सही करून कागद घेतला. परत येताना दोनदा त्याने गाडी बाजूला उभी केली आणि अर्ज पुन्हा वाचला.

महाडच्या घरी अम्मा पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. त्याने अर्ज तिच्या पुढ्यात धरला.

"अम्मा, ह्यो अंगठा कुनाचा?"

तिने ओले हात पदराला पुसले. कागद लांब धरून पाहिला.

"माझा."

"मास्तरनं तारीख लिवली की तू लिवायला लावलीस?"

"तो नाय म्हनत व्हता. पोर लहान हाय, पुढल्या साली आन म्हनला. पुढलं साल कुठलं रे? तुझा बाप आंबेनळीच्या घाटात ट्रकासंगं गेला. मला भाताच्या गिरणीवर जायचं. तिथं पट्ट्यात एका बाईचं पोर सापडलेलं मी बघितलं व्हतं. मी मास्तरचे पाय धरले. शपथ घातली, कुनाला बोलू नका, नायतर खोटं सांगितलं म्हनून माझ्या पोराला काढतील."

"आन् मी वीस वरसं त्याला शिव्या घालतोय, तवा तू गप?"

"गप कुठं? मी पन घालायची. तुझ्यापेक्षा जास्त." तिने एक वाल सोलून पातेल्यात टाकला. "तू कुनाला तरी घालनारच व्हतास. मास्तर लांब व्हता. मी घरात व्हते."

मुश्ताक खाली बसला. आईचा राग आला म्हणावं तर तेवढंच नव्हतं. त्याला आपला जुना राग परत हवा होता. सरळधोपट, एका माणसावरचा. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

"चहा कर," तो म्हणाला.

अम्माने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. उठून चहा ठेवला. त्याने तो घोटघोट घेतला.

"मास्तरचा नातू खेळतो कसा?"

"बरा."

"बरा का चांगला?"

त्याने कप बशीत फिरवला.

"तुझ्या सहीबिगर नाव लागल?"

"नाय."

"मग हितं काय बसलास?"

"लिवलं ते लिवलं," तो कपात बघत म्हणाला. सकाळी या वाक्याची जी गोडी होती ती आता नव्हती, पण दुसरं काही त्याला सुचलं नाही. "आनखी अर्धा कप दे."

अम्माने चहा दिला नाही. तिने वालाचं पातेलं झाकलं, खुंटीवरची ओढणी डोक्यावर घेतली आणि अर्जाची घडी करून कमरेला खोचली. गुडघ्यांवर हात रेटत पायरी उतरली आणि चपला शोधू लागली.

"कुठं चाललीस?"

"कमिटीत. अंगठा माझा हाय, मीच सांगते."

"तुझं कोन ऐकनार तिथं?"

"मास्तरनं ऐकलं व्हतं."

रस्त्याने जाणारी रिक्षा तिने हात करून थांबवली. मुश्ताक कप हातात घेऊन तिच्यामागे धावला. तोंडात वीस वर्षांचं सगळं एकदम आलं होतं आणि आता ते कुणावर काढायचं हे कळलंही होतं.

"अम्मा, तू माझं—"

"शिव्या मी आल्यावर घाल," रिक्षाचा दांडा धरून आत बसत ती म्हणाली. "आता टाइम नाय."

रिक्षा सुटली. मुश्ताकने कप कठड्यावर ठेवला, खिशात लाल पेन आहे का ते चाचपलं आणि मोटारसायकल काढली. बाजारपेठेत त्याने तिला गाठलं. रस्ता मोकळा होता, पुढे काढायला भरपूर जागा होती. पण अम्मा सरळ पुढे बघत बसली होती आणि तो शेवटपर्यंत रिक्षाच्या मागेच राहिला.