तोरणाखालचा कासरा

पोळ्याच्या सकाळी सीताबाई नाल्यावर बैल धूत होती, तेव्हा बंडूजीची मोटारसायकल काठावर येऊन थांबली. एवढा मोठा माणूस बौद्धपुऱ्याच्या नाल्यावर उगाच येत नाही, हे तिला कळत होतं.

"जोडी मस्त पोसली तू," बंडूजी म्हणाला. "मी काय म्हनतो, माहे बैल तं मी मागच्या साली इकले. पन तोरणाखाली आमच्या घरची जोडी पायजे. तू तुही जोडी आखरावर आणून देजो. तिथून माहा गडी धरते."

गावचा रिवाजच तसा. आखराच्या मोकळ्या जागेवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली बंडूजीच्या घरची मानाची जोडी उभी राहायची. तोरण तुटलं की पोळा फुटला. बौद्धपुऱ्यातले बैल मात्र दूर, कडुनिंबाखाली. सगळं गाव पुढे गेलं की मग यांनी निघायचं. बंडूजीकडे ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, पण मान काही त्याला सोडवत नव्हता.

"अन् मी कुठं उभी राहू?" सीताबाईनं विचारलं.

"निंबाखाली. दरसाल राह्यता तिथंच."

"म्हंजे माहे बैल चालते, माहा हात नाई चालत."

"सणासुदीचा वाद काऊन घालून राह्यली? तुमचं तं विहार हाये. तुमाले पोळ्याशी काय करा लागते?"

"पोळा बैलाचा हाये, बंडूजी. वखर वढताना त्याइले कोनी धरम इचारला नाई." तिनं बैलाच्या पाठीवर बादली रिकामी केली. "जोडी तोरणाखाली आणते. पन कासरा माह्याच हातात राहीन."

"पायतो कशी आणतं ते!" म्हणत बंडूजीनं गाडीला किक मारली.

घरी नवरा, भैयाजी, ऐकून हबकलाच. "त्याच्या वावराच्या धुऱ्यावरून आपला रस्ता हाये. बंद करन तो."

"करू द्या. तहसीलीत जाऊ. तुमाले भेव वाटत असन तं घरी बसा, मी एकटी जाते म्हनून समजा."

भैयाजी बसला नाही. कुरकुरत का होईना, त्यानं शिंगं रंगवली, झुली चढवल्या आणि तिच्या मागे निघाला.

आखरावर गाव जमलं होतं. सीताबाई निंबाकडे वळलीच नाही. सरळ तोरणाखाली जाऊन उभी राहिली. एक बैल तिच्याकडे, दुसरा भैयाजीकडे.  मान ताठ.

बंडूजीचा गडी चंदन पुढे झाला. "दे कासरा."

तिनं कासऱ्याचा मनगटाला वेढा घातला. "हात लावून तं पाह्य."

चंदन मालकाकडे बघत मागे सरला. बंडूजी कडाडला, "हे दोघं हालत नाई तोवर तोरण तुटनार नाई!"

"नोका तोडू," सीताबाई म्हणाली. "आमी उभे हावोत."

आभाळ काळंभोर झालं. मागे जोड्या खोळंबल्या. बैल फुरफुरायला लागले, एकमेकांना शिंगं लावायला लागले. म्हातारे नत्थूजी वैतागले. "बंडू, मान पायजे होता तं बैल पोसाचे होते ना बापा!"

आखरावर हशा पिकला. बंडूजी लालबुंद झाला. आणि तेवढ्यात, जन्मभर कोणाच्या अध्यातमध्यात न पडलेल्या भैयाजीनं हातातली काठी उचलली आणि ताडकन तोरणावर घातली.

पानं खाली आली. पोळा फुटला! सीताबाईची जोडी पुढे उधळली, तिच्यामागे गावच्या साऱ्या जोड्या सुटल्या, आणि आपापले बैल आवरत साऱ्या जातींची माणसं त्यांच्यामागे पळत सुटली. "पोळा बाटला!" असं बंडूजी ओरडत राहिला, पण ऐकायला तिथं कोण थांबलं होतं?

देवळापाशी बैल आवरले. भैयाजीनं घसरलेली झूल सारखी केली. "झालं ना आता? घरी चाल."

"घरी कायले? मानाची जोडी गावात दारोदार फिरवा लागते. पूजा घेतल्याबिगर कशी जाईन?"

"अन् पयलं दार कोनाचं असते, माहीत हाये ना?"

"हाव," सीताबाई म्हणाली, "बंडूजीचं." आणि तिनं बैल त्या गल्लीत वळवले.