काखेचे टाके

मी अंगी बोलतेय. कपाटातून बोलतेय, इथली माणसं त्याला प्रेस म्हणतात, म्हणून आवाज दबका येत असेल. तोंड माझं दबकं नाही. मला शिवणाऱ्या बाईचंही नव्हतं.

अंगी म्हणजे बाळाचं झबलं समजू नका. लोखंडी चिलखत नुसतंच घातलं तर एका घावात हाड मोडतं, म्हणून त्याच्या आत गोधडीसारखी जाड बंडी घालतात. ती मी. आयर्लंडमध्ये मला गॅम्बेसन म्हणतात. जुन्या काळचे सरदार बनून बोथट तलवारींनी एकमेकांना खरोखर बडवणारी माणसं आहेत इथे. पोटाची चिंता मिटली की माणसाला मार खायचीसुद्धा हौस येते.

ही हौस हर्षवर्धनला लागली. नागपूरचा मुलगा, कासलबारजवळच्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेलं. त्याच्याच खात्यातल्या फर्गलचा असा एक लढायांचा क्लब होता. फर्गलनं त्याला एकदा मैदानात नेलं आणि हा तिथलाच झाला.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात त्याची आई लीलावती चार महिन्यांसाठी आली आणि टाळेबंदीत अडकली. दुकानं बंद, विमानं बंद. बसून राहणारी बाई नव्हती ती. शिवण कुणाकडे शिकली नव्हती. नवऱ्याचा जुना कोट टाका टाका उसवून ती कोट शिवायला शिकली होती. "उसवल्याशिवाय कळते का शिवण?" असं ती सुनेला, गिरिजाला, ऐकवायची.

"लोखंड घालून मारामाऱ्या करून राहिला तू?" तिनं लेकाला विचारलं. "लाज नाही वाटत, बाबू?"

"खेळ आहे गं आई."

"मग मार तरी नीट खा. आण माप."

तिच्या दोन सुती साड्या, एक चादर, फर्गलनं दाराबाहेर ठेवून दिलेलं लोकरी ब्लँकेट, असे थरावर थर रचून तिनं मला हातानं टाचलं. बोटं सोलली, पण मशीन मागितलं नाही. कॉलरच्या एका टाक्यात तिचा पांढरा केस अडकला. तो अजून आहे.

भांडण झालं ते काखेवरून. अशा अंगीच्या काखा मोकळ्या ठेवतात, हात वर जावा म्हणून. फर्गलनं व्हिडिओवर तसं सांगितलंही. लीलावतीनं ऐकून घेतलं आणि दोन्ही काखा दुहेरी दोऱ्यानं बंद केल्या.

"आई, हात वर कसा जाणार?"

"खांद्यापर्यंत जातो ना? पुरे झालं. वर कोणाले टाटा करायचा आहे? या ओल्या देशात काखेतून हवा शिरली म्हणजे छाती धरते."

"अगं, ढाल—"

"थंडी सरली की उसव. त्याच्या आधी हात लावशील तर पाहा."

गिरिजा हसली, तोही हसला. ती बाई मेलेल्या दोऱ्यालाही जपायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गरज सरली की टाका काढायचा, हाच तिचा धर्म.

इथला उन्हाळाही तिला थंडीच वाटला. पावसाळा संपता संपता ती नागपूरला परतली. पुढच्या एप्रिलमध्ये गेली. त्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते मी सांगायला नको. हर्षवर्धननं आईला अग्नी दिलेला फोनवर पाहिला, तोही तुटक तुटक; चित्र मधेच गोठायचं. चुलतभावानं सगळं केलं. हा दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला. रडला नाही. घरी आला, मला काढलं, अंगात घातलं आणि सोफ्यावर बसून राहिला. थंडी सरली होती. काखा तशाच होत्या.

सप्टेंबर एकवीसमध्ये स्पर्धा पुन्हा भरली. शनिवार-रविवार, एका पडक्या दगडी बुरुजाशेजारचं मैदान, तंबू, झेंडे, चिप्सची गाडी. दीड वर्षानं भेटलेली माणसं मिठ्या मारू की नको अशी घुटमळत होती.

शनिवारी दोन लढती झाल्या. दोन्हींत त्याची ढाल खांद्याच्या वर गेली नाही. मी जाऊ देत नव्हते. मी कापड आहे. मला जिथं बांधलंय तिथं मी धरणार. मला दोष देऊ नका, कात्री माझ्या हातात नव्हती.

फर्गलनं शिरस्त्राण काढलं आणि सरळ सांगितलं, "हर्ष, ते टाके काप. मान उघडी पडतेय तुझी."

"आय'म ग्रँड." मी ठीक आहे, असं सांगायची ही इथली तऱ्हा.

"ग्रँड कसला! उद्या बेलफास्टवाला आहे समोर. युअर मॅन, तो गडी, फक्त वरून मारतो."

संध्याकाळी तंबूत गिरिजानं पर्समधून छोटी कात्री काढली.

"मी उसवते. अलगद. बाकी कुठे धक्का नाही लागणार."

"ठेव ती."

"अरे, आईंनीच सांगितलं होतं ना, थंडी सरली की—"

"सांगितलं होतं ना? मग येऊ दे तिला. ती उसवेल."

कात्री पर्समध्ये गेली. मी ओरडले असते, पण माणसाला आपलं कापड ऐकू येत नाही. तुला काय वाटतं रे, तिला जपतोयस? तिचं शेवटचं सांगणं मोडतोयस!

रविवारी रिमझिम होती. खांद्यावर पत्रा होता, पण पत्रा आणि शिरस्त्राण यांच्या मधे चार बोटं जागा उरते. ती ढालीनं राखायची असते. बेलफास्टवाल्यानं कुऱ्हाड वर उचलली तेव्हा हर्षवर्धननं ढाल उचलली. खरंच उचलली. काखेत दोरा ताणला, लीलावतीचा दुहेरी दोरा, तिच्यासारखाच हट्टी; तुटला नाही. ढाल अडली. घाव बरोबर त्या चार बोटांत बसला.

मी माझे सगळे थर पुढे केले. पुरले नाहीत.

तो चिखलात पडला. बेलफास्टवाला कुऱ्हाड फेकून गुडघ्यांवर बसला आणि "सॉरी, सॉरी" करत राहिला. प्रथमोपचाराची बाई धावत आली, पट्टे सोडवले, जाड कात्री काढली.

"सॉरी, पेट. हे कापावं लागेल." पेट म्हणजे इथलं लाडाचं 'बाळा'.

"नो," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "नॉट धिस. प्लीज."

त्या बाईनं गिरिजाकडे पाहिलं. गिरिजा म्हणाली, "कापा." मराठीत म्हणाली. बाईला कळलं.

कात्री मनगटापासून कॉलरपर्यंत चरचरत गेली. तिच्या साड्या, चादर, फर्गलचं ब्लँकेट, सगळं उघडं पडलं. काखेचा जोड मात्र फार जाड होता. बाईनं तो सोडून दिला.

गळ्याजवळचं हाड जुळलं. हाताची शीर जुळली नाही. वर्षभरात जीव येईल हातात, नाहीतर येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा हात तेव्हापासून लोंबतोय. मी इस्पितळाच्या पिशवीतून या प्रेसमध्ये आले. तीन महिने कुणी दार उघडलं नाही.

काल उघडलं. नाताळाची सुट्टी, गिरिजा कामावर. हर्षवर्धननं मला मांडीवर घेतलं. वाटलं, शिवायला बसतोय. सुई शोधलीही त्यानं, पण एका हातानं ओवणार कशी? मग वाकला, काखेचा दोरा दातांत धरला आणि ओढला. एक टाका सुटला. मग दुसरा. आणि एप्रिलपासून न रडलेला तो माणूस असा रडला, की माझे उरलेले थर भिजले.

तुमच्याकडेही असेल कुणाचा तरी शेवटचा टाका, हात आखडला तरी जपून ठेवलेला. उसवा तो. शिवणाऱ्यांना राग येत नाही. तो राग तुम्हीच त्यांच्या नावानं पाळता.

आता दोन्ही काखा मोकळ्या आहेत. प्रेसचं दार तो उघडंच ठेवून गेलाय. थंड, ओली हवा आरपार जातेय. लीलावती, काही होत नाही गं हवेनं.