तामातीचा दगड

मी एक जुना मॉड आहे, मित्रांनो. मॉड म्हणजे खेळाला मागाहून जोडलेला तुकडा. ज्याने मला लिहिलं, त्याचं खेळात मेल्यावर सगळं सामान एकदा गडप झालं होतं. त्या रागात त्याने मला एकच काम नेमून दिलं. खेळताना कोणी मेलं, की त्या जागी मी दगड उभा करतो, त्यावर नाव आणि मरणाचं कारण लिहितो आणि त्याची कुदळ, चिलखत, असेल ते पोटात ठेवतो. ते फक्त मालकालाच परत देतो. मी नाव ओळखतो, माणूस ओळखत नाही.

दूरदेशी, समुद्रकाठच्या ओपोतिकी गावच्या रेवीने मला आपल्या संगणकावर घेतलं. तो आणि त्याची चुलत भावंडं, तामाती आणि हिनेवाई, रोज खेळत. पहिला दगड उभा राहिला तेव्हा धाकट्या हिनेवाईने त्याच्याशेजारी पाण्याची बादली ठेवली. "कबरीपाशी गेलात ना? मग हात धुतल्याशिवाय कोणी घरात शिरायचं नाही!" ती दटावायची. रेवी हसायचा, पण धुवायचा. तेव्हा माझं भारी कौतुक होतं. 'दगडोबा' म्हणायचे मला.

एका शनिवारी सकाळी तामाती खेळातल्या खाडीत मेला. मी काठावर दगड उभा करून लिहिलं : तामाती. बुडून. तेवढ्यात काकाने त्याला मासे धरायला हाक मारली. "राहू दे सामान तिथेच. आलोच," असं म्हणून तो उठला. दुपारी नदीच्या मुखाशी होडी उलटली. काका पोहत किनाऱ्याला लागला. तामाती आला नाही.

त्यांच्या आजीने, नॅनने, त्याचा खेळायचा टॅबलेट इतर वस्तूंबरोबर वर्षभर न उघडायच्या पेटीत ठेवून दिला. मुलं खेळायची थांबली. रेवी तेवढा एकदा आला आणि दगडावरचं वाचून जागीच थिजला. "ह्याने आधीच लिहिलं होतं," तो पुटपुटला आणि हात न धुताच निघून गेला. मित्रांनो, मी झालेलंच लिहितो, पुढचं मला दिसत नाही. तरी वर्षभर त्या दोन शब्दांपाशी एकटा उभा राहून मला माझीच भीती वाटू लागली.

आज वर्ष झालं. सकाळी रीतीप्रमाणे खऱ्या कबरीच्या दगडावरचं कापड सगळ्यांनी मिळून काढलं, जेवणं झाली आणि रेवी, हिनेवाई आणि नॅन संगणकापाशी येऊन बसली.

"मी हा मॉड काढून टाकतोय," रेवी म्हणाला. "अपशकुनी आहे मेला."

"मग तामातीचं सामान पण जाईल ना!" हिनेवाई म्हणाली.

"जाऊ दे."

"अजिबात नाही! त्यात त्याची वही आहे. मला एकदाही वाचू दिली नव्हती त्याने."

"भांडू नका रे," नॅन म्हणाली. "पेटी उघड, पोरी. वर्ष झालं, आज चालतं."

हिनेवाईने टॅबलेट चालू केला. खेळात तामाती आला. अडखळत, चुकत, थेट माझ्यापाशी. मी नाव पाहिलं आणि उघडलो. चिलखत त्याच्या अंगावर चढलं, कुदळ हातात गेली. त्या सकाळी होता तसाच्या तसा तो उभा राहिला. 

"नॅन, तो माझ्याकडेच बघतोय गं."

"बघू दे. तू वाच."

वहीत एकच ओळ होती : 'हिनेवाईला घर बांधून द्यायचंय. दार समुद्राकडे नको.'

ती हुंदके देऊन रडली. नॅनने तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्याला असा ताटकळत ठेवू नकोस. जाऊ दे आता." हिनेवाईने त्याला बादलीपाशी नेलं, त्याचे हात धुतले आणि टॅबलेट बंद केला. माझा रिकामा दगड विरून गेला.

रेवी भांडी घासायला गेलाय. आला की मला काढेल. मित्रांनो, तोवर एवढंच मागतो : 'आलोच' म्हणून गेलेल्याच्या वस्तू लगेच फेकून देऊ नका. बोटं हिनेवाईची होती, हे तुम्ही सांगाल. पण मी नावच ओळखतो आणि माझी शेवटची नोंद अशी आहे : तामाती आला. सामान घेतलं. हात धुतले. घरी गेला.