काजळाचे ठिपके

शुक्रवारी सकाळी नाल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याचे पितळी गुंड, कळश्या, बादल्या, आणि मधोमध झिऱ्याच्या काठी खाटेवर बसलेले झिरेवाले महाराज! कळमेश्वरपासून दोन कोसांवरचं गाव. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की नाल्याच्या वाळूत खणलेला हा झिराच काय तो आधार. पण एकोणऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात त्याचं पाणी तांबूस, फेसाळ आणि कडू झालं होतं. आठवड्यातून एकच दिवस ते नितळ व्हायचं.

"माय सहा दिवस रागावते, सातव्या दिवशी पावते!" महाराज गरजले. "डॉक्टरच्या बाटलीवर लिवलं असते, हलवून घ्या. मायच्या पान्याले हलवा लागत नाई!"

लोक हसले आणि पायाही पडले.

माझी बहीण सुभद्रा पाच वर्षांच्या प्रेमिलाला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. पोर वाळून काडी झाली होती. दोन महिने उलट्या चालू होत्या, आणि नागपूरच्या डॉक्टरांचं औषध महाराजांनी बंद करायला लावलं होतं. औषधाने म्हणे देवी कोपते.

"औषध काहून बंद केलं वं?" मी चिडून विचारलं.

"भाऊ, तीर्थ देल्लं का त्या दिवशी पोरगी जेवते, खेयते. तुमी कायले बोलून राहिले?"

मी नागपूरच्या एका कचेरीत आकडेवारीचा कारकून. जन्मभर पावसाचे आणि पिकांचे तक्ते केले. देवीशी भांडायला माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. सुभद्राच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि प्रेमिला ओकली की त्या तारखेवर ती काजळाचा ठिपका लावायची. मी कागद घेतला. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात ठिपका आहे की नाही. नुसत्या तारखांवरून काहीच कळेना, म्हणून तिसरा रकाना वाराचा काढला आणि माझीच पंचाईत झाली. एप्रिलचे सगळे मंगळवार कोरे!

"पाहा!" सुभद्रा म्हणाली. "तुमचा कागद बी मायचंच सांगून राहिला. पयले मायचा वार मंगळवारच होता."

"मग आता शुक्रवार कसा?"

"सोळा तारखेले महाराजाले दृष्टांत झाला. मायनं वार बदलला."

मी मे महिन्याचं पान पाहिलं. आठ आणि पंधरा, दोन्ही मंगळवारांवर ठिपके होते. अकरा तारखेचा शुक्रवार मात्र कोरा होता. म्हणजे महाराजांना दृष्टांत होण्याच्या पाच दिवस आधीच देवीने वार बदलला होता! शिवाय एप्रिलमध्ये लागोपाठ पाच दिवस कोरे होते. "तवा माय मुक्कामाले होती," सुभद्रा म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा गिरिधर आला. टेकडीपलीकडच्या रसायनाच्या नव्या कारखान्यात तो कामाला होता. गावातले निम्मे गडी तिथेच.

"आज कामावर नाही?"

"आज सुट्टी हाय ना भाऊ. पयले मंगळवारी राहे. बिजली कमी पडते म्हणून या महिन्यात शुक्रवारी केली. मायची कृपा पाहा, आमची सुट्टी अन् तिचा वार नेहमी एकच येते. दर्शन चुकत नाई!"

कामगारांच्या सोयीने देवी वार बदलते, याचं साऱ्या गावाला कौतुक होतं. नवल कोणालाच वाटलं नव्हतं.

मी गिरिधरचं हजेरीकार्ड मागून चौथा रकाना काढला: कारखाना बंद झाल्याला किती दिवस झाले. बंदच्या दिवशी ठिपका नाही. दुसऱ्या दिवसापासून ठिपके सुरू. एप्रिलमध्ये यंत्र मोडून कारखाना पाच दिवस बंद होता, ते पाचही कोरे. दुपारी आम्ही टेकडी ओलांडली. कारखान्याच्या भिंतीतून एक नळ निघून थेट नाल्यात उतरला होता. गिरिधरने नळाच्या तोंडाशी वाळलेला तांबूस फेस बोटाने खरवडून पाहिला.

सोमवारी बॉयलरच्या तपासणीसाठी कारखाना बंद, अशी पाटी गेटवर लागली होती. मी रविवारी चारचौघांत सांगितलं, उद्या पाणी नितळ येईल.

"सोमवार महादेवाचा!" महाराज हसले. "त्या दिवशी माय फिरकत बी नाई."

सोमवारी उजाडता पाणी नितळ होतं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या कांताबाईंनी ओंजळभर चाखून पाहिलं आणि महाराजांकडे वळल्या. "महाराज, माय आज कशी आली गा?"

"कोनाची तरी भक्ती फळली..."

"भक्ती नाई," गिरिधर म्हणाला. "मायचा वार गेटावर लिवून लागते. मी वाचून आलो."

दुपारपर्यंत खाट रिकामी झाली. मी मनात मिशीला पीळ देत होतो, तेवढ्यात सुभद्राने विचारलं, "मंग भाऊ, उद्या पानी कुठून आणू?"

 मी तहसीलीत अर्ज दिला, तक्ता जोडला. चौकशी चालू आहे, असं उत्तर आलं. कारखान्याच्या साहेबांनी गिरिधरला बोलावून नोकरी हवी की नको, एवढंच विचारलं. महाराजांना पळवणं सोपं होतं. त्या नळापुढे मी काहीच करू शकलो नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

तरी सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, तो नेमका केव्हा होतो, आणि त्या वेळी आणखी काय बंद असतं? आम्ही हे वेळेवर विचारलं असतं तर प्रेमिलाचे दोन महिने तीर्थात गेले नसते.

तिचं औषध पुन्हा सुरू झालं. दर शुक्रवारी सुभद्रा घरातलं प्रत्येक भांडं तिच्यासाठी भरून ठेवू लागली. घरात भांडी किती असणार? ते पाणी सोमवारपर्यंत पुरायचं. जूनचं पान तिने मला टपालाने पाठवलं. मंगळवार, बुधवार आणि गुरुवारवर काजळ होतं.