तोरणाखालचा मान

पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची जायची, यावरून वैजापूरजवळच्या त्या गावात रक्त सांडायची रीतच पडली होती. निजाम गेला, पाटीलकी गेली, पण मान काही कुणी सोडला नाही. भर ज्वानीत नानासाहेबांनी त्याच मानापायी, मानावर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या घरातल्या बद्रीनाथच्या थोरल्या भावाला कुऱ्हाडीनं तोडलं आणि उमेदीची वर्षं हर्सूलच्या तुरुंगात घातली.

परत आले ते केस पांढरे करूनच. मग काय, गाव त्यांना शहाणं म्हणू लागलं. भांडण कुठंही पेटो, नानासाहेबांना बोलावणं यायचं. "म्या भोगलंय, तुम्ही भोगू नका," एवढंच ते म्हणायचे, आणि माणसं खरंच काठ्या खाली ठेवायची. यंदा तर त्यांनी बद्रीनाथशीही समझोता केला, दोघांच्या जोड्या बरोबरीनं जातील असा. निघताना त्यांच्या बायकोनं, साळूबाईनं, बजावलं, "काकासाहेब संगं हाय. एकुलतं एक लेकरू हाय आपलं, ध्यानात ठेवा."

"आता या वयात भांडतो व्हय मी?" नानासाहेब हसले.

हलगी कडाडली. तोरण हातभर राहिलं आणि बद्रीनाथच्या बैलानं एक पाऊल पुढं टाकलं. बुजला होता बिचारा, कुणालाही कळलं असतं. नानासाहेबांना दिसलं ते फक्त पाऊल. त्यांचं टाळकं फिरलं. पहिली काठी बैलाच्या तोंडावर बसली, झुलीवर रक्त उडालं. दुसरी बद्रीनाथच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचं हलगीतही ऐकू आलं. तिसरी उगारली तेव्हा "बास करा, नाना" म्हणत काकासाहेब मधी शिरला. हात आवरता आला असता. म्हाताऱ्यानं आवरला नाही. खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांनी त्याला बरं वाटत होतं.

पोराचं कपाळ उभं फुटलं. त्याला उचलून जीपमध्ये घातलं, तोवर मागं वेशीत दोन्हीकडचे एकमेकांवर तुटून पडले होते.

वैजापूरच्या रस्त्याला जीप लागली. काकासाहेबचं डोकं बापाच्या मांडीवर होतं, धोतर रक्तानं चिंब झालं होतं, पोराचा घसा घरघरत होता. बातमी ऐकून घरून धावत आलेली साळूबाई जखमेवर पदर दाबून बसली होती. नानासाहेबांनी मान वळवून मागं वेशीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले,

"पर आपलीच जोडी आधी गेली ना?"

साळूबाईनं पोराचं डोकं त्यांच्या मांडीवरून उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.